वसंत जाऊन राहिला: एका काढलेल्या शब्दाविषयी

तक्रारदार: वासुदेव सीताराम इंगळे, वय पंचावन्न, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली, तेल्हारा, जिल्हा अकोला.

जिच्यावर अन्याय झाला ती: माझी मुलगी शालिनी, शिक्षणासाठी सध्या मुक्काम अमरावती.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार: अमरावतीच्या एका सभेचे अध्यक्ष. त्यांचे नाव मला पाठ आहे, परंतु लिहीत नाही. नाव छापून आल्याचा आनंद त्यांना माझ्या खर्चाने मिळू नये.

साक्षीदार: एक, गुलाबराव, मुद्रांकविक्रेते, माझ्या शेजारच्या टेबलावरचे. दोन, सुमनताई, माझी थोरली बहीण, जठारपेठ, अकोला. ही सभेला हजर नव्हती, परंतु माझा मूळ हेतू काय होता याची साक्ष ती देऊ शकेल.

घटनेचा दिवस: होळी होऊन गेलेली आणि पाडवा यायचा असलेला, असा शनिवार.

तक्रारीचा विषय: एक शब्द. 'राहिला'.

उपरोक्त शब्दासाठी तेल्हाऱ्याहून अकोला आणि अकोल्याहून अमरावती असा प्रवास करावा लागला. ज्यांनी ती सभा पाहिली नाही, आणि ज्यांनी पाहिली पण ऐकली नाही, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी त्याची हकीकत सादर करतो.

प्रथम माझ्याविषयी. लोकांचे बोलणे कचेरीच्या भाषेत आणून देणे हा माझा धंदा. माणूस येतो, टेबलावर कोपर टेकतो आणि म्हणतो, "भाऊ, शेजारच्या धुऱ्यावरून पानी माह्या वावरात घुसून राहिलं." मी लिहितो: अर्जदाराच्या शेतात शेजारील धारकाच्या बांधावरून पाण्याचा शिरकाव होत आहे. 'माह्या' गेले, 'घुसून' गेले, 'राहिलं' गेले. अर्ज तयार झाला. नववीनंतर माझा शाळेशी संबंध आला नाही, परंतु भाषेशी आला, आणि ज्यांचा शाळेशी फार काळ आला त्यांच्यापेक्षा तो बरा आला असे माझे मत आहे. तेल्हाऱ्यात तहसीलदार बदलले, टंकयंत्र जाऊन संगणक आला, परंतु 'राहिलं' हा शब्द माझ्या हातून आजवर कोणत्याही कचेरीत गेलेला नाही.

आता शालिनीविषयी. ती अमरावतीला एम.ए. करते. तिने पाली घेतली तोवर मी काही बोललो नाही. पालीला आमच्या घरात मान आहे. पुढे तिला कळले की तेच जुने बौद्ध ग्रंथ चिनीतही आहेत, आणि हेही कळले की तरुणपणी चीनमध्ये राहून आलेल्या एक बाई आपल्या घरी मुलांना चिनी फुकट शिकवतात. फुकट शिकवलेल्या गोष्टीची किंमत पुढे दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागते. ग्रंथ बाजूला पडले आणि पोरगी कवितांना लागली.

फाल्गुनात तिने मला फोनवर काही कविता पाठवल्या. सगळ्या चीनच्या, सगळ्या फार जुन्या, सगळ्या वसंतावर, आणि मराठी सगळी तिची. बाईंच्या पुढाकाराने सभा होणार, तीत या कविता वाचल्या जाणार, आणि नंतर त्यांची लहान पुस्तिका छापली जाणार, असा निरोप सोबत होता. मी कडुनिंबाखाली बसून वाचल्या. बहुतेक ठिकाणी भाषा ठीक होती. शेवटच्या कवितेत एक मनुष्य नदीवरून दूरच्या गावी निघतो, त्याचा मित्र काठावरच्या वाळुंजाची डहाळी मोडून त्याच्या हाती देतो, आणि शेवटची ओळ अशी:

'डहाळी म्हणते राहा. वसंत जाऊन राहिला.'

या ओळीखाली 'शालिनी वासुदेव इंगळे' असे छापले जाणार होते. म्हणजे तीन शब्दांतले दोन माझे. मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली: 'शाखा थांबण्याची विनंती करीत आहे, तथापि वसंत ऋतूने प्रस्थान केले असल्याचे दिसून येते.' हा कागद समक्ष नेऊन द्यावा असे ठरवले, कारण फोनवर पाठवलेल्या माझ्या प्रत्येक सूचनेला शालू उत्तरादाखल एक अंगठा पाठवते, आणि तो होकाराचा की ठेंगा याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

शुक्रवार: तेल्हारा ते जठारपेठ

गुलाबराव सोबत निघाले. त्यांना अमरावतीत चष्मा करायचा होता. तेल्हाऱ्यात किंवा अकोल्यात चष्मे मिळत नाहीत असे नाही, परंतु अमरावतीचे दुकान त्यांच्या साडूचे आहे, आणि फुकट काचेतून गुलाबरावांना अधिक स्वच्छ दिसते.

बसमध्ये मी त्यांना कविता वाचून दाखवल्या. हेतू हा की, मुलीचा वेळ कशात चालला आहे याला एक साक्षीदार असावा.

चिनी वसंताचे सामान ठरलेले आहे. नदीकाठी वाळुंज, बर्फात फुलणारे एक झाड, अंगणात दुसरे, वळचणीला पाकोळ्या, बारीक पाऊस, मद्य, आणि वर चढून दूर पाहण्यासाठी एक उंच माडी. त्यातही वाळुंजाला जितके काम आहे तितके आमच्या तलाठ्याला नाही. त्याची पाने म्हणजे पोरीच्या भुवया, फांद्या म्हणजे तिची कंबर, उडणारा कापूस म्हणजे कधी बर्फ, कधी आसवे, कधी कवीचे ठिकाणावर नसलेले मन. कापूस आमच्याकडेही उडतो. जिनिंगच्या बाजूने गेले की नाकातोंडात जातो. त्याला कोणी मन म्हटल्याचे ऐकिवात नाही.

कवी बहुतेक सगळे सरकारी अधिकारी. परीक्षा देऊन नोकरीला लागायचे, वरिष्ठाला एखादे खरे बोलायचे, मग दूरच्या दमट जिल्ह्यात बदली, आणि तिथे पोचले की वसंत. आपल्याकडे बदली झालेला अधिकारी रजा टाकतो, वर माणूस पाठवतो, न्यायाधिकरणात जातो. चिनी अधिकारी नदीवर जातो आणि फूल गळताना पाहतो. त्याचे अपील झाडाकडे.

"मंग त्याची बदली रद्द झाली का नाई?" गुलाबरावांनी विचारले.

"कवितेत लिहिलेले नाही."

"मंग लिवली कायले?"

गुलाबराव मुद्रांक विकतात, त्यामुळे कागदाचा काही उपयोग असावा असे त्यांना वाटते. मी पुढची वाचली. तीत वसंतातल्या बारीक पावसाचे फार कौतुक होते: आवाज न करता येतो, रान ओले करतो, फुले जड होतात. गुलाबरावांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले. आमच्याकडे या दिवसांतल्या पावसाला अवकाळी म्हणतात. त्यावर कविता होत नाही, पंचनामा होतो.

खिडकीतून काय दिसत होते हे सांगण्याची प्रवासवर्णनात रीत आहे, म्हणून सांगतो. उत्तरेला सातपुडा, उन्हाने पुसट. हरभरा निघून रिकामी झालेली काळी जमीन, भेगा पडलेली. उपटून रचलेली कापसाची पऱ्हाटी. आणि मध्येच, बांधावर, पळस. पान एक नाही आणि फूल अंगभर. संकोच नसलेले झाड. धुके नाही, माडी नाही, नदी असेल तर तिच्यात पाणी नाही, आणि हा उभा. बसमधले कोणी मान वळवून पाहत नव्हते. मी पाहिले, ते तुलनेसाठी.

अकोल्याला उतरलो तेव्हा ऊन अकोल्याचे होते. यापेक्षा अधिक वर्णन वऱ्हाडी वाचकाला नको.

सुमनताई जठारपेठेत राहते. आम्ही पोचलो तेव्हा ती गच्चीवर कुरडया उलटत होती. वसंत ऋतूचे आमच्या बायकांनी ठेवलेले खरे नाव 'वाळवण' असे आहे. धोतरावर कुरडया, जुन्या साडीवर पापड, कोपऱ्यात कावळ्यांना भिववायला विटेखाली दाबलेली छत्री. जेवायला पातोड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकर होती. गुलाबरावांनी रस्सा दुसऱ्यांदा घेताना नको म्हटले, तिसऱ्यांदा घेताना तेही म्हटले नाही.

जेवणानंतर मी तिला दौऱ्याचा उद्देश सांगितला आणि नमुन्यादाखल एक कविता वाचली. तीत एक बाई उंच माडीवर उभी आहे. नवरा दूर सरहद्दीवर नोकरीला. खाली रस्त्याकडेची वाळुंजे हिरवी झालेली पाहून तिला वाटते की त्याला नोकरीला जाऊ द्यायला नको होते. एवढेच.

"तिले पापड नव्हते का लाटाले?" ताईने विचारले.

"ताई, ती मोठ्या घरची बाई."

"तरीच." तिने कुरडईचा एक चुरा तोंडात टाकला. आमचे भावजी रेल्वेत गार्ड होते. आता निवृत्त आहेत, आणि घरात असूनही पेपरामागे असतात. त्या पेपराकडे पाहत ताई म्हणाली, "मी बी पाहो तशी. इथूनच. तवा समोरचं घर नव्हतं, गाडीचा धूर दिसे."

पेपर जरा खाली झाला आणि पुन्हा वर गेला.

मी दुरुस्तीचा कागद काढून तिला दाखवला. तिने लांब धरून वाचला आणि परत दिला. "हे काय कोर्टाचं हाये का?"

ताई चौथीपर्यंत शिकली आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

शनिवार: अमरावती, दुपारपर्यंत

बडनेरा मागे पडले आणि पाऊस आला. मोठा नाही. बारीक, आवाज न करणारा, जसा कागदावर होता तसा. अख्ख्या बसने आभाळाकडे पाहिले. पुढच्या बाकावरचा माणूस कोणाला तरी फोनवर ओरडून सांगू लागला की खळ्यातला गहू झाका. कंडक्टरने इंद्राचा उद्धार केला.

"घ्या," गुलाबराव म्हणाले. "तुमचा चिनी पानी आला."

पावसाने मातीचा वास सुटला, आणि त्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, गोड आणि किंचित कडवट. गुलाबराव म्हणाले, संत्र्याचा उशिरा आलेला बहार असेल. रस्त्यापासून बाग किती लांब असेल कोण जाणे. शहर लागले तसा वास गेला आणि डिझेल आले.

अमरावतीत दर दुसऱ्या भिंतीवर कोणत्या ना कोणत्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो आहे. इतके पहिले एका शहरात एकमेकांशी न भांडता कसे राहतात, हा अभ्यासाचा विषय आहे. रिक्षावाल्याने आम्हाला बाहेरगावचे ओळखून शहर फिरवून आणले. मी त्याला शब्दांत समज दिली. त्याने ती हसत स्वीकारली.

शालू एका गाडीपाशी उभी होती. तिथे गीला वडा मिळतो. दह्यात बुडवलेला, वर चटणी आणि सांभार. सांभार म्हणजे ज्याला पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात आणि आपल्याला हसतात. पहिल्याच घासाला वडा माझ्या हातातून निसटला आणि दही इस्त्रीच्या सदऱ्यावर आले. गुलाबराव साडूकडे गेले होते, त्यामुळे हे पाहायला साक्षीदार नाही. मी उल्लेख करतो, कारण पुढे सभेत उभे राहताना हा डाग पुढाऱ्याच्या बिल्ल्यासारखा माझ्या छातीवर होता.

मी कागदाचा विषय काढला. शालूने माझी ओळ ऐकून घेतली आणि मान हलवली.

"बाबा, असं नाही होत."

"का नाही होत? 'जाऊन राहिला' हे काय मराठी आहे? बाहेरचा माणूस वाचेल तर म्हणेल, गेला का राहिला ते एकदा ठरवा."

"तेच तर." तिने बोटे चाटली. लहानपणापासून सांगतो, चाटू नये. "चिनीत क्रियापद बदलतच नाही बाबा. गेला, चालला, जाईन, सगळ्याले एकच. नुसतं 'वसंत जा' असं लिवलं हाये. मी 'गेला' लिवलं तर तो संपला. 'चालला' लिवलं तर पाठ फिरवली त्यानं. आन आपण काय म्हनतो? जाऊन राहिला. जाते बी अन् राहते बी."

"बोलताना म्हणतो. लिहिताना नाही."

"अजून आयका. त्या झाडाचं नाव चिनीत 'लिउ'. आन 'राहा', 'थांब' याले बी 'लिउ'. सूर तेवढा येगळा. म्हनून निघणाऱ्याच्या हाती त्याचीच डहाळी द्याची. तोंडानं राहा म्हनता येत नाही, तं झाड म्हनते. आता सांगा, डहाळीनं राहा म्हटलं, अन् पुढच्याच वाक्यात 'राहिला' आला. दुसऱ्या कोनत्या भाषेत बसते हे? पुन्याच्या नाही बसत. तुमच्या अर्जाच्या बी नाही बसत. आपल्याच बसते."

"लोक हसतील."

"हसू द्या. मी तो शब्द नाही काढत बाबा. बाकी पाहिजे ते बदला, तो नाही."

ती दहीभरल्या बोटाने माझ्याकडे रोखून बोलत होती. बापाशी असे बोलू नये. पण मुद्दा तिने क्रमाने मांडला होता, आधी वस्तुस्थिती, मग कारण, मग मागणी. हे ती कुठे शिकली ते मी जाणतो. तथापि मुद्दा मांडता येणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे. कागद मी खिशात ठेवला. सभेनंतर पुन्हा पाहू असे म्हणालो.

शनिवार: सभा

हॉलमध्ये पुढच्या तीन ओळी भरल्या होत्या, त्यांतली एक आयोजकांची. समईतली वात तीन आगपेट्यांना दाद देईना. गुलाबराव नवा चष्मा लावून येऊन बसले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे असे पाहू लागले की जणू ही माणसे आजच बनवून आली आहेत.

अध्यक्ष पुण्याहून आलेले. निवृत्त प्राध्यापक, चेहरा प्रसन्न, शाल सराईतपणे घेणारे. त्यांनी आधी वसंतावर भाषण केले. वसंत म्हणजे चैतन्य, वसंत म्हणजे आशा, असे ते म्हणाले. पुढ्यात ठेवलेल्या कवितांत एकही तसे म्हणत नव्हती. त्यांत वसंत आला की माणसे दूर असतात, केस पांढरे होतात, फूल वाऱ्यावर जाते आणि कोणी ते धरत नाही. एवढे तर मला बसमध्ये धक्के खात वाचूनही कळले होते. अध्यक्षांना बहुधा आरामदायी गाडीमुळे वाचायला जमले नसावे.

मग मुलांनी कविता वाचल्या. इतरांविषयी मी काही लिहीत नाही; त्यांचे बाप लिहितील. शालूने आधी चिनीत वाचले. ते मला कळले नाही, परंतु चार ओळी म्हणजे चार उसासे, इतके थोडे होते ते. एवढ्याशा जागेत नदी, मित्र, झाड आणि ऋतू बसवणारा मनुष्य अर्जनवीस झाला असता तर कागदाची पुष्कळ बचत झाली असती. नंतर तिने मराठीत वाचले. शेवटच्या ओळीपाशी आवाज उतरला.

"डहाळी म्हणते राहा, वसंत जाऊन राहिला."

दुसऱ्या ओळीतून कोणीतरी हसले. मोठ्याने नाही. माझे भाकीत खरे ठरल्याचे मला समाधान व्हायला हवे होते.

अध्यक्षही हसले होते, परंतु मायेने. ते म्हणाले, "शालिनी, फार छान. आम्हा पुण्याच्या माणसांना ही बोली कानाला फार गोड लागते, अगदी खरं सांगतो. पण कविता गंभीर आहे, हो ना? आणि एकदम 'जाऊन राहिला' आलं की जरा गंमत वाटते. शिवाय तो 'राहिला' बघ, उगाच आहे. काहीच करत नाही तिथे. 'वसंत चालला.' संपलं. केवढं नेटकं झालं. पुस्तिकेत एवढं करून टाका. अर्थ काही कमी होत नाही."

संयोजक, म्हणजे चिनी शिकवणाऱ्या त्याच बाईंनी, वहीत टिपून घेतले. "करू या सर."

मी शालूकडे पाहिले. आता ती बोट रोखणार असे मला वाटले. झाडाचे नाव सांगेल, सुराचे सांगेल, क्रियापदाचे सांगेल.

"हो सर," ती म्हणाली. "बदलते."

आणि जागेवर जाऊन बसली.

मी उभा राहिलो. या ठिकाणी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो शब्द काढण्यासाठी मी स्वतः दोन बसगाड्या बदलून आलो होतो. सुमनताई याला साक्ष आहे. ज्याच्या नावाखाली तो छापला जाणार होता त्या बापाचे सकाळी तिने ऐकले नाही, ते ठीक. ती माझ्याशी भांडली, म्हणजे तिने मला भांडणाच्या लायकीचे मानले. आणि ज्याने कविता वाचलेलीही नव्हती त्या माणसाला ती एका श्वासात 'हो सर' म्हणाली. सदऱ्यावर दही असलेला माणूस हे बसून पाहू शकत नाही.

"अध्यक्ष महोदय," मी म्हणालो, "अर्थ कमी होतो."

"आपण?"

"मुलीचा बाप."

"वा. तुमचा अभिमान मी समजू शकतो," असे म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिले. बाईंनी वेळेअभावी चर्चा चहासोबत करू असे जाहीर केले. चहा आला. चर्चा आली नाही. चहाला साखर दोन माणसांची होती.

मला तिथे जे सांगायचे होते ते इथे नोंदवतो. मागे एकदा सकाळी कचेरी उघडायच्या आधी एक माणूस माझ्या टेबलाशी आला. वडिलांच्या औषधोपचारासाठी मदतीचा अर्ज करायचा होता. मी विचारले, प्रकृती कशी आहे? तो म्हणाला, "बुढा जाऊन राहिला भाऊ." मी 'वडील अत्यवस्थ आहेत' असे लिहिले. कचेरीसाठी तेच बरोबर होते, आणि आजही मी तेच लिहीन. परंतु अत्यवस्थ हा शब्द डॉक्टरचा आहे. तो माणूस वडिलांचा हात सोडून अर्ज करायला आला होता, परत जाऊन पुन्हा धरणार होता, आणि तोवर म्हातारा जात होता आणि राहत होता. 'चालला' म्हटले असते तर त्याने सोडून दिले, असा अर्थ झाला असता. 'राहिला' काहीच करत नाही, असे अध्यक्षांनी म्हटले. तो शब्द तिथे माणसाला धरून बसला आहे. याहून अधिक काम करणारा शब्द मी त्यांच्या भाषणात ऐकला नाही, आणि भाषण लांब होते.

शनिवार: एसटी स्टँड

शालू आम्हाला पोचवायला आली. वाटेत गुलाबराव नव्या चष्म्यातून पाट्या मोठ्याने वाचत होते, त्यामुळे आम्हाला बोलता आले नाही, आणि ते बरे झाले. पाऊस थांबला होता. रस्ते असे वाळले होते की तो आलाच नाही, अशी साक्ष कोणीही दिली असती.

स्टँडवर ती म्हणाली, "बाबा, तुमचा तो कागद आनला न?"

"कशाला?"

"द्या. तुमचंच बरोबर होतं. मी सगळ्याच कविता तशा करून टाकते. तुमच्यासारख्या. 'असल्याचे दिसून येते' असं. मंग कोनी हसत नाही."

वाचकहो, मी हा खटला जिंकलो होतो. प्रतिपक्षाने दावा कबूल केला होता, मागणीपेक्षा जास्त देऊ केले होते, आणि निकालाचा कागद माझ्याच खिशात होता.

"आणला नाही," मी म्हणालो. "तेल्हाऱ्यालाच विसरला."

गुलाबरावांनी नव्या चष्म्यातून माझ्या खिशाकडे पाहिले. कागदाचे टोक वर आले होते. मग त्यांनी समोरची पाटी वाचायला घेतली. हा माणूस तीस पावलांवरची पाटी वाचत होता, पण एवढे त्याला दिसले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"आणि तू बदलू नको," मी म्हणालो.

"आता बाईंनी लिवून घेतलं बाबा."

"लिहून घेतलेले खोडता येते. मी त्यावरच पोट भरतो."

ती जरा हसली. गाडी लागली होती, आम्ही चढलो. स्टँडच्या भिंतीशी एक कडुनिंब आहे, नवी तांबूस पालवी आलेला, खाली विडीची थोटके. शालू तिकडे गेली, उडी मारून एक डहाळी मोडली आणि खिडकीतून माझ्या हाती दिली.

"वाळुंज कुठं भेटते इथं," ती म्हणाली.

"ठेवा भाऊ," गुलाबराव म्हणाले. "सकाळी दात घासाले कामी येईन."

कडुनिंबाच्या नावाचा 'राहा' या शब्दाशी कोणत्याही भाषेत काही संबंध नाही. मी तपासून पाहिले. तो कडू असतो, एवढेच.

"जाऊन राहिले का बाबा?" शालूने विचारले.

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणावे. तेच माझ्या तोंडात होते. पण निघाले ते असे:

"हो. जाऊन राहिलो."

आणि गाडी हलेना. कंडक्टर चहाला गेला होता, ड्रायव्हर त्याला शोधायला गेला होता. निरोप घेऊन झालेला, हात हलवून झालेला, आणि मी खिडकीत बसलेला, ती खाली उभी. ती फलाटाकडे पाहत होती, मी डहाळीकडे. गुलाबराव पाट्या वाचत होते. या स्थितीला प्रमाण मराठीत काय म्हणतात, याचा मी बसल्या बसल्या विचार केला. गाडी 'चालली' नव्हती. मी 'गेलो' नव्हतो. 'प्रस्थान केले असल्याचे दिसून' तर मुळीच येत नव्हते.

विनंती

तरी मा. संयोजक बाईंना या लेखाद्वारे विनंती करण्यात येते की, पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी सदर ओळीतील 'राहिला' हा शब्द त्याच्या मूळ जागी ठेवण्यात यावा. तो शब्द बोलीतला आहे, ही बाब तक्रारदारास मान्य आहे. तो ऐकून कोणी हसेल, हीही मान्य आहे. हसणाऱ्याची सोय पाहून ओळ छापू नये. अध्यक्षांना तो शब्द गोड वाटला होता. त्यांनी तो गोड न मानता खरा मानावा, आणि ते जमत नसेल तर निदान कविता वाचावी.

शालिनीने सभेत 'हो सर' म्हटले, ती तिची संमती समजण्यात येऊ नये. ती संमती मोठ्या माणसासमोर उभ्या असलेल्या वऱ्हाडी पोरीची आहे, आणि तिचे काय मोल असते हे मी रोज टेबलावर पाहतो. आपल्या बाजूने निकाल लागला असता अर्जदारच त्याविरुद्ध अपिलात येतो, असे दुसरे उदाहरण माझ्या धंद्यात माझ्या पाहण्यात नाही. म्हणून या अपिलाचा विचार जरा अधिक काळजीने व्हावा.

उत्तर लेखी मिळावे. पाडव्याच्या आत मिळाल्यास बरे. त्यानंतर वसंत असला तरी ऊन बसू देत नाही आणि आमची बैठक झाडाच्या दुसऱ्या बाजूला हलते. पत्ता वर दिला आहे. शब्द ठेवणार नसाल तर तसेही कळवावे, मात्र ते 'चालणार नाही' किंवा 'चालला' अशा नेटक्या भाषेत नको. आमच्या भाषेत कळवावे, म्हणजे पोरीला वाचता येईल.

सोबत: दुरुस्तीचा मूळ कागद, एक, आडवी रेघ मारून रद्द केलेला.

कडुनिंबाची डहाळी, एक, सुकलेली. हिची नक्कल निघत नसल्याने जोडलेली नाही. तपासणीसाठी मागवल्यास समक्ष घेऊन येईन. पाहून झाल्यावर परत मिळावी.